शंभर चेंडूंना बेचाळीस

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. तोंडी बोललेलं लोक फिरवतात, कागदावरचं फिरवता येत नाही. एकतीस वर्षं मैदानावर स्कोअरर म्हणून दुसऱ्यांचं लिहीत आलो, आता थोडं स्वतःचं.

कारण कुठेतरी पाणी मुरतंय. निवड समितीच्या अध्यक्षांनी आज बोलावून घेतलं आणि मी खुर्ची ओढायच्या आत विचारलं, "काका, आपल्या दोन्ही सलामीवीरांचे यंदाचे चेंडू किती झाले?" धावा नाही विचारल्या, चेंडू विचारले. मी चेंडू मोजतो हे आजवर कुणाच्या गावीही नव्हतं. मग कळलं. कसोटी संघात सलामीची एक जागा रिकामी आहे, अठ्ठावीस तारखेला निवड आहे, आणि यंदापासून नियम असा की शंभर चेंडूंमागे ज्याच्या बेचाळीसपेक्षा कमी धावा, त्याचं नाव चर्चेलाही घ्यायचं नाही.

मी म्हटलं, "साहेब, कसोटी पाच दिवस चालते. कुणाची गाडी चुकणार आहे का?"

"पाचच दिवस चालते, म्हणून तर," ते म्हणाले. "एकाने पहिला दिवस खाऊन टाकला, तर समोरच्यांना दोनदा बाद करायला आपल्या गोलंदाजांनी वेळ कुठून आणायचा? आपले मागचे पाच कसोटी सामने काढून बघा."

घरी येऊन काढून बघितले. पाचातले चार अनिर्णित आहेत. हे मी त्यांना सांगणार नाही.

आमच्या इथल्या संघाचे सलामीवीर म्हणजे सुसाट आणि खुंटा. दोघेही डावखुरे, एकाच अंगकाठीचे, हेल्मेटही सारखंच. नावं मीच ठेवलेली, आता सगळं मैदान तीच वापरतं. सुसाटबद्दल काही सांगायला नको. खुंटा एकदा रोवला की हलत नाही. तो नवा चेंडू जुना करतो, गोलंदाजांना घाम फोडतो, आणि मग मागून येणारे त्या दमलेल्या गोलंदाजांना झोडपून टाळ्या घेतात. राबायचं एकाने आणि मिरवायचं दुसऱ्याने. त्याचं वय बत्तीस. ही शेवटची संधी. हा बेचाळीसचा नियम त्याला काढण्यासाठीच केला असणार, माझी खात्री आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घरातही काहीतरी शिजतंय. बायकोने माझ्या टेबलावरचा दिवा न विचारता बदलला. नवा म्हणे जास्त उजेडाचा आहे. मला तर फरक दिसत नाही, दुकानदाराने गंडवलं तिला. वर्तमानपत्रवाल्यांनी शाई वाचवायला सुरुवात केली आहे, अक्षरं पार फिकी. आणि लाल व हिरवं पेन आता एकाच रंगाचं बनवतात की काय कोण जाणे.

लेक आली होती. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या, मी गेल्यावर गप्प. जाताना तिने एक छोटं कार्ड हातात दिलं. "बाबा, एकदा जाऊन या ना. माझ्यासाठी." विम्यावाल्याचं असणार. न वाचताच खिशात टाकलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शेजाऱ्याचा फोन. शेजारी म्हणजे माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसणारा स्कोअरर. सामन्याला दोन वह्या असतात, दोन माणसं, आणि दर षटकाअखेर दोघांनी एकमेकांना आकडे सांगून ताळा करायचा. एकोणीस वर्षं आम्ही हे करतोय. त्याचा गुडघा सुजलाय, शुक्रवारी सुरू होणाऱ्या शेवटच्या सामन्याला यायचा नाही.

"माझ्या जागी नवा माणूस येईल," तो म्हणाला. "त्याला सांग, प्रत्येक चेंडूला फलंदाजाचं नाव मोठ्याने घ्यायचं."

"कशाला?"

"चांगली सवय असते रे."

ही सवय त्याला दोनेक वर्षांपूर्वी लागली. चेंडू पडला की पुटपुटतो, धाव नसली की टिंब, "खुंटा, टिंब. सुसाट, एक. खुंटा, टिंब." एकदा मी खवळलो होतो, मला काय शिकवतोस म्हणून. तर म्हणाला, "तुला नाही रे, माझ्याच लक्षात राहत नाही. म्हातारा झालो." मला त्याची दया आली होती. पण आता आपली सवय दुसऱ्याच्या गळ्यात का बांधतोय, कळत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सामन्याचा पहिला दिवस. नव्या माणसाने कानात काहीतरी कोंबून ठेवलं होतं आणि दर षटकाला माझ्या वहीतून उतरवून घेत होता. असल्यांच्या हाती खेळ गेलाय. एक नाव उच्चारलं नाही त्याने दिवसभरात. मीही सांगितलं नाही, मला गरज काय?

दुपारी पाण्याच्या सुट्टीनंतर एक गंमत झाली. खेळ सुरू झाला आणि बघतो तर माझ्या वहीप्रमाणे खुंटा एकाच षटकात दोन चौकार मारतोय, तेही गोलंदाजाच्या डोक्यावरून! असं कधी झालंय का? लगेच ध्यानात आलं की सुट्टीनंतर माझीच टोकं उलटी झाली आहेत. मारणारा सुसाट असणार आणि दुसऱ्या टोकाला खुंटा. तिथल्या तिथे खाडाखोड करून नावं सरळ केली, आणि चहापर्यंतची आठ षटकं तशीच नीट लिहिली. अनुभव लागतो याला. नव्या माणसाला पत्ताही लागला नसता.

मधेच खेळाडूंच्या खोलीतून कुणाच्या तरी अर्धशतकाच्या टाळ्या. सुसाटचं अर्धशतक तर कधीच झालं होतं, आणि खुंटा माझ्या वहीत पन्नाशीपासून बराच लांब. फळ्यावर फक्त एकूण धावा आणि गडी लागतात, तेव्हा यांना बोटांवर मोजावं लागतं, आणि तेही येत नाही. चहानंतर पहिल्याच षटकात त्रिफळा उडाला; बाद सुसाट, असं खालून कळवलं. वहीप्रमाणे तो तेव्हा दुसऱ्या टोकाला हवा होता. चहाच्या गडबडीत पायाला लागून निघालेली एखादी लेगबाय माझ्याकडून राहिली असेल. खुंटा शेवटी बावन्नवर बाद, चेंडू एकशे अठरा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत खुंटा आमच्या खोलीत आला. हातात बिस्किटांचा पुडा.

"काका, कालचं पान जरा बघू का?"

मी वही मिटली. "खेळाडूने इथे यायचं नसतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण चहाच्या आधीचे माझे काही फटके... मला वाटतं, तुमच्याकडे..."

"मला काय वाटतं सांगू? अठ्ठावीस तारीख जवळ आली की सगळ्यांना काही ना काही वाटायला लागतं."

तो लालेलाल झाला. "सॉरी काका," एवढंच म्हणाला आणि गेला. पुडा तसाच राहिला. मी तो नव्या माणसाला दिला, उगाच आपल्या नावावर नको.

वाईट वाटलं. हा मुलगा नाकासमोर चालणारा, असं मी सगळ्यांना सांगत आलो. एका जागेसाठी माणूस कुठवर येतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सामना संपला. दोघांचे आकडे अध्यक्षांकडे दिले. खुंटा: धावा सहाशे चाळीस, चेंडू पंधराशे अठ्ठेचाळीस. शंभराला एक्केचाळीस पूर्णांक चौतीस.

मी बराच वेळ भांडलो. म्हटलं, "साहेब, अर्ध्या-पाऊण धावेसाठी माणूस घालवता? ह्याने किती चेंडू सोडले ते कुठल्या आकड्यात येतं? बाहेर जाणारा चेंडू सोडायलाही अक्कल लागते. सुसाट त्याच चेंडूला बॅट लावून परत येतो."

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "काका, कुठेतरी रेघ मारावीच लागते. मी मारली नसती तर माझ्यावर वशिल्याचा आरोप झाला असता. आणि आकडा तर तुमच्याच वहीचा आहे."

मी वही उचलून बाहेर पडलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज संघाची लॅपटॉपवाली आली. ही मुलगी प्रत्येक सामन्याची फिल्म घेते आणि फलंदाजांना त्यांच्या चुका दाखवते. तिचे आकडे अधिकृत नाहीत, अधिकृत फक्त वही.

"काका, एक विचारू? शुक्रवारी चहाआधीच्या आठ षटकांत आपलं जुळत नाही. माझ्याकडे खुंटादादाच्या चोवीस धावा जास्त आहेत, आणि चेंडू सहा जास्त. बाकी सगळा मोसम तंतोतंत जुळतो. तुमच्या वहीत दुरुस्ती झाली, तर तो बेचाळीस पूर्णांक त्र्याहत्तर होतो."

आधी पुडा घेऊन तो आला, आता ही. तो हिच्याकडेही गेला असणार. चोवीस! नेमका रेषेच्या वर जाईल एवढाच आकडा बरा सापडला! मी म्हटलं, "तू अजून रांगत होतीस तेव्हापासून मी टिंबं काढतोय." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "फिल्म माझ्याकडे आहे काका. तुम्ही याल तेव्हा दाखवीन. मी कुणाला बोललेली नाही." ही धमकी होती की काय?

२० नोव्हेंबर, गुरुवार

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. ऐकून सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तो मुलगा निवडला जावा असं तुम्हाला वाटतं."

"हो."

"आणि ती मुलगी म्हणतेय की तो निवडला जाऊ शकतो."

"हो, पण..."

"आणि तुम्ही तिच्यावरच ओरडून आलात."

"वही म्हणजे वही," मी म्हटलं.

"बघून तर या फिल्म. बघायला काय जातं?" मग सुरी पुन्हा उचलत म्हणाली, "का भीती वाटते?"

भीती कसली? मी शनिवारी जाणार आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, तिच्यासमोरच तिची लबाडी उघडी करतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लॅपटॉपवालीकडे जाऊन आलो.

तिने पडदा माझ्या अगदी पुढे ठेवला. पाण्याच्या सुट्टीनंतरचं दुसरं षटक. गोलंदाज आला, फलंदाजाने पुढे येऊन डोक्यावरून चौकार मारला.

"हा कोण, काका?"

"सुसाट."

"कशावरून?"

"अगं, मारतोय बघ ना!"

तिने फिल्म पुढे नेली. पुढचा चेंडू, पुन्हा चौकार. "आणि आता?" "सुसाटच." मग तिने चित्र थांबवलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं. पाठीवरचा क्रमांक माझ्या पंजाएवढा झाला तेव्हा मला तो वाचता आला. खुंट्याचा होता. तिने आठही षटकं तशी दाखवली. एकेक चेंडू थांबवून, मोठा करून. मारणारा खुंटा होता आणि टुकूटुकू खेळून त्याला साथ देणारा सुसाट.

मी तिला विचारलं, "मोठं न करता तुला हा क्रमांक दिसतो?"

ती हळूच म्हणाली, "हो काका. सगळ्यांनाच दिसतो."

म्हणजे मी माणूस बघत नव्हतो. पांढरा ठिपका हलायचा, त्याने मारलं की सुसाट, सोडलं की खुंटा. वेग मोजायला बसलो होतो आणि वेगावरून नावं लिहीत होतो. एकदाच ठिपक्याने ऐकलं नाही, तर मी त्यालाच खोटं पाडलं.

घरी येऊन शेजाऱ्याला फोन केला. "दोन वर्षं तू मला नावं सांगत होतास?"

पलीकडे त्याने टीव्ही बंद केला. मग, "तू चिडला असतास रे. आणि मला बाजूला दुसरा कुणी नको होता."

मी फोन ठेवला आणि रडलो. बायको बाहेरच होती, आत आली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

वहीतली दुरुस्ती फक्त स्कोअररच करू शकतो, कारण लिहून, सही करून. कारण लिहायचं आहे, तिथेच अडलोय. "धावपळीत चूक" असं लिहिलं तर प्रकरण मिटेल. खुंट्याला चोवीस धावा मिळतील, माझी खुर्ची राहील. लॅपटॉपवाली बोलणार नाही. शेजारी तर मरेपर्यंत बोलणार नाही. सकाळपासून हे चारदा ठरवलं.

पण पुढच्या मोसमात शेजाऱ्याचा गुडघा पुन्हा सुजला तर? आणि दुसरा कुणी खुंटा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तर मी त्याला काय म्हणेन, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी इतके दिवस सगळ्यांवर संशय घेतला, एका माणसाला सोडून.

खरं कारण लिहिलं. बायकोने वाचून दाखवलं. "शुद्धलेखन बरोबर आहे," म्हणाली, आणि माझा खांदा धरून उभी राहिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अध्यक्षांनी माझं दुरुस्तीचं पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता संपूर्ण मोसमच रद्द करतील आणि खुंटा कायमचा जाईल. पण त्यांनी लॅपटॉपवालीला आणि शेजाऱ्याला फोन लावला, बाकी सामन्यांचा ताळा घेतला. तो जुळला. तिथे शेजारी बाजूला होता.

"मग याच सामन्यात कसं झालं?" त्यांनी मला विचारलं.

"कारण त्या दिवशी तो मारत होता, साहेब. मला ते खरं वाटलं नाही."

ते खिडकीतून मैदानाकडे बघत राहिले. "खरं सांगू? मी तिथे असतो तर मलाही वाटलं नसतं." मग पत्रावर शिक्का मारला. खुर्चीचा विषय त्यांनी काढला नाही, मीच स्कोअररच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

खुंटा कसोटी संघात. बायकोने बातमी वाचून दाखवली. "कात टाकलेला, आक्रमक सलामीवीर" असं छापलंय. बारा महिने ज्याने गोलंदाजांना दमवलं, त्याच्या आठ षटकांचंच कौतुक. आनंद झालाच, पण दिवसभर माझी चिडचिड होत होती.

३० नोव्हेंबर, रविवार

परवा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. त्या कार्डवाल्या डॉक्टरकडेच.

दुपारी बेल वाजली. खुंटा. पहिला विचार आला, हा आता कशाला आला? सवय जात नाही. मग त्याने वाकून नमस्कार केला. मी त्याची माफी मागितली. सरळ, हात जोडून. त्याने माझे हात खाली केले.

"काका, चूक अर्धीच तुमची. त्या दिवशी मी मी नव्हतोच. कुणीतरी बेचाळीसचं सांगितलं होतं, म्हणून फिरवली बॅट. दोनदा झेल उडाला, नशिबाने मोकळ्यात पडला. आता तिकडे सगळे वाट बघणार, की हा मारेल."

"मग नको मारूस."

"काढतील."

"काढतीलही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण तिथे वही लिहायला जो बसलेला असेल, त्याने तुझं नाव ठेवलेलं नाही. तू सोडलास तर तो टिंब काढेल, मारलास तर चार लिहील. त्याच्यापुढे तुला हवं तसं खेळ."

तो हसला. बुटांचे बंद बांधता बांधता, खाली बघतच म्हणाला, "तुम्ही नाव ठेवलंत तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या एका सामन्यात हरायची वेळ आली होती, म्हणून दिवसभर उभा राहिलो. त्याआधी मी बरंच मारायचो, काका. मग सगळे खुंटा म्हणायला लागले. संघातही तीच जागा होती. तीच धरली."

तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. बायकोला नमस्कार करून जिना उतरून गेला.

मी कपाटातून तेरा वर्षांपूर्वीची वही काढली. मला वाचता येईना, म्हणून बायकोला त्याचं खरं नाव सांगितलं आणि त्याचा पहिला सामना शोधायला लावला. तिने शोधला, चष्मा लावला आणि बोट ठेवून माझंच अक्षर वाचायला लागली. "चार. टिंब. चार. दोन. चार. एक. सहा." मग थांबून मला विचारलं, "कोण हो हा? भलताच घाईत होता."

मी तिला सांगितलं. तिने बोट पुन्हा पहिल्या चेंडूवर नेलं आणि ते पान शेवटपर्यंत वाचलं.